यादी होती, पण वाचता येत नव्हती

आमच्या भागातल्या वाचनालयाची पुस्तकांची यादी जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत) आणायचं काम मी केलं, त्याबद्दल बरेच जण विचारतात की नक्की काय काय केलंस, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते. थोडं घरचंही येईल यात, कारण त्याशिवाय हे काम माझ्याकडे का आलं ते कळणार नाही.

मी लालबागची. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते परत कधी खात्यात गेले नाहीत, मिळेल ती वॉचमनची नोकरी केली, पण संध्याकाळी वाचनालयात जाऊन पेपर वाचायचा आणि एक पुस्तक बदलून आणायचं हे शेवटपर्यंत सोडलं नाही. बाबा बेस्टमध्ये. आई दादरला एका छापखान्यात डीटीपी करायची, म्हणजे लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, पतपेढ्यांचे ताळेबंद आणि गणपती झाले की दिवाळी अंक. लहानपणी शाळा सुटल्यावर मी तिच्या बाजूच्या स्टुलावर बसून अभ्यास करायचे आणि तिचं टायपिंग बघायचे, कम्प्युटरची ओळख माझी तिथली. दहावीनंतर कम्प्युटरचा डिप्लोमा केला, मग डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग, मुंबई युनिव्हर्सिटीची डिग्री. आता ऐरोलीला एका कंपनीत बॅकएंडला आहे, जावा आणि स्प्रिंग बूट, दिवसभर व्यवहारांचे आकडे जुळतात की नाही ते बघणारा कोड. करी रोडहून स्लो पकडायची, ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर. काम चांगलं आहे, शिकायला मिळतं, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

छंद म्हणाल तर पावसाळ्यात ट्रेक आहेतच, पण खरा छंद अक्षरांचा. दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढायचे. गिरगाव, लालबाग, परळ, माझगाव इथे अजून आहेत थोड्या, एखाद्या भांड्यांच्या दुकानाचा ‘भ’ असा काही काढलेला असतो की पेंटरने त्यावर किती वेळ दिला असेल ते जाणवतं. त्यातूनच कमल शेडग्यांची नाटकांच्या नावांची अक्षरं बघायला लागले, नाटकाचं नावच असं काढायचे की नाटक कशाबद्दल आहे ते जाहिरातीतच कळावं. मग र. कृ. जोशींबद्दल वाचलं. आपल्या कम्प्युटरवर जो मंगल फॉन्ट वर्षानुवर्षं दिसतोय तो त्यांनी केलेला, आणि या माणसाने काम केलं ते मुंबईतच. मंगल विंडोज २००० सोबत आला, आणि तेव्हापासून साध्या घरच्या कम्प्युटरवर वेगळं काही विकत न घेता देवनागरी लिहिता यायला लागलं. हे वाचलेलं पुढे कामी आलं.

वाचनालय सरकारी अनुदानावर चालतं, ब वर्ग आहे. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे महाराष्ट्राचा, त्याखाली अ ब क ड असे वर्ग मिळतात आणि त्याप्रमाणे अनुदान. पुस्तकं वीस हजाराच्या वर, त्यात गिरणगावातल्या लोकांनी दिलेली कितीतरी. दाखल नोंदवह्या हाताने लिहिलेल्या आहेत, जाड कापडी बांधणीच्या. पुढे कधीतरी कोणीतरी त्यांना एक प्रोग्रॅम करून दिला होता आणि तिथल्या ताईंनी बरीच वर्षं खपून सगळी यादी त्यात भरली होती, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, किंमत, विषय, दाखल क्रमांक. मग तो कम्प्युटर बंद पडला. हार्ड डिस्कमधला डेटा निघाला पण नवीन मशीनवर उघडला तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं, पाउंडाचं चिन्ह, वर टिंब असलेले युरोपातले ए आणि ओ, मधे मधे चौकोन. दुरुस्तीवाल्याने सांगितलं डेटा करप्ट झालाय, पुन्हा टाइप करून घ्या. माणशी पानामागे किती पैसे लागतील त्याचा हिशोबपण कमिटीने काढला होता, आणि तो वाचनालयाला झेपणारा नव्हता.

मी पुस्तक बदलायला गेले होते तेव्हा ग्रंथपाल काकांनी ते पान दाखवलं. मला बघताक्षणी कळलं की हे करप्ट वगैरे काही नाहीये. आईच्या छापखान्यात फॉन्ट बदलला गेला की स्क्रीनवर अगदी असंच दिसायचं. मी म्हटलं, “काका, यातलं एक अक्षरही गेलेलं नाहीये, फक्त कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे सांगणारा फॉन्ट नाहीये इथे.” काका म्हणाले, “बाळ, तू एवढं म्हणतेस तर मी कमिटीला थांबवतो महिनाभर.”

नेमकं काय झालेलं असतं ते सांगते, कारण आजही कितीतरी संस्थांकडे, छापखान्यांकडे, पतपेढ्यांकडे असा मजकूर पडून आहे आणि लोक तो गेला म्हणून सोडून देतात. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी स्वतःची जागा आहे, ०९०० पासून ०९७एफ पर्यंत, १२८ घरं, ‘क’ म्हणजे जगात कुठेही ‘क’. त्याआधी भारतात इस्की नावाचं मानक होतं, १९९१ ला भारतीय मानक म्हणून आलं, त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीचा आराखडा युनिकोडने देवनागरीसाठी घेतला. पण डीटीपीच्या फॉन्टांना तेव्हा छापून सुंदर दिसण्याशी मतलब होता, आणि सॉफ्टवेअर सगळी इंग्रजी, एका फॉन्टात फार तर २५६ घरं. मग त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. अक्षरं नाही, तुकडे. जुन्या छापखान्यात खणांच्या पेटीत अक्षरांचे खिळे ठेवायचे तसे, अर्धा व, अर्धा म, काना वेगळा, मात्रा वेगळी, रफार वेगळा, रफार आणि अनुस्वार एकत्र असलेला वेगळा. फाइलमध्ये फक्त घरांचे नंबर असतात, शब्द नसतातच. म्हणजे फॉन्ट हाताशी असला की कागदावर मराठी छापून येणार, पण कम्प्युटरच्या लेखी ते मराठी कधी नव्हतंच.

त्यामुळे पहिलं काम फॉन्टची फाइल शोधणं. जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरात ती सापडली, आणि त्याने अर्धं काम झालं असं मी म्हणेन. कोणी जुन्या मशीनचा डेटा काढून घेत असेल तर फक्त डॉक्युमेंट्स कॉपी करून थांबू नका, फॉन्टचा अख्खा फोल्डर उचला, कारण एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांतसुद्धा घरं वेगळी असू शकतात. डेटा डीबीएफ नावाच्या जुन्या डेटाबेसच्या फाइलींमध्ये होता, ते वाचायला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तयार लायब्ररी मिळते, पण एन्कोडिंग, म्हणजे कुठला नंबर कुठलं अक्षर धरायचा ते, सांगताना लॅटिन-१ सांगायचं. विंडोजचं १२५२ सांगितलं तर त्यात पाच घरं रिकामी आहेत, आणि फॉन्टवाल्यांनी ती पाचही वापरलेली असू शकतात, तिथे प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो. लॅटिन-१ मध्ये प्रत्येक बाइट जसाच्या तसा हातात येतो.

मग फॉन्टफोर्ज नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात तो फॉन्ट उघडला. घराचं नाव ‘उद्गारचिन्ह’ आणि आत आकृती अर्ध्या ‘ज’ ची, असं सगळं. सगळ्या घरांचा एक तक्ता बनवला, प्रत्येक चौकोनात आकृती मोठी आणि खाली नंबर, आणि त्याची प्रिंट काढली. यातल्या बऱ्याच आकृत्या मलाही ओळखता येत होत्या पण काही नुसत्या वाकड्या रेघा होत्या, एकट्या बघितल्या तर कशाचा भाग आहे ते कळेना. तो तक्ता मी रविवारी आईसमोर ठेवला.

आईने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि जेवायच्या टेबलावर बसून भराभर लिहायलाच लागली. “हा तुटका व, पुढे काना आला की व. हा फ चा शेपटा, तो वेगळा लावायला लागायचा. ही रेघ बघ, ही ट ठ च्या खालचा र आहे, ट्रकमधला. आणि ह्या तीन पहिल्या वेलांट्या, ही बारक्या अक्षराला, ही मोठ्या अक्षराला, ही जोडाक्षरावरून न्यायची.” मी विचारलं तुला एवढं कसं लक्षात आहे गं. तर म्हणाली, “अगं, कीबोर्डवर नसलेली अक्षरं ऑल्ट दाबून चार आकडी नंबर टाकून यायची, शून्यापासून सुरू व्हायचे ते नंबर, तक्ता चिकटवलेला असायचा मॉनिटरच्या कडेला पण दिवाळी अंकाच्या घाईत तक्ता बघायला वेळ असतो का कोणाला?” काही घरांचे नंबर तिने खालचा आकडा न बघता आधी तोंडी सांगितले. एका आकृतीवर मात्र ती थांबली, पेन्सिलीने हवेत गिरवून बघितली, मग टेबलावर बोटं ठेवून टाइप केल्यासारखं केलं आणि म्हणाली, “हा द्ध. बुद्धमधला.” तिच्या मराठी टायपिंगच्या परीक्षेला आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीला घरात कोणी कधी स्किल म्हटलं नव्हतं. माझ्या कोडमधली सगळ्यात महत्त्वाची फाइल म्हणजे तो तक्ता आहे आणि तो आईने केलाय, प्रोजेक्टच्या माहितीत मी तिचं नाव पहिलं टाकलंय.

तक्ता झाला म्हणजे शब्द झाले असं नाही. युनिकोडमध्ये अक्षरं ज्या क्रमाने आपण बोलतो त्या क्रमाने साठवतात, जुन्या फॉन्टात ज्या क्रमाने कागदावर दिसतात त्या क्रमाने. पहिली वेलांटी दिसते आधी, बोलतो नंतर. ‘स्थिती’ मध्ये आधी वेलांटीचा नंबर, मग अर्धा स, मग थ. म्हणजे वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यायची, नुसत्या पुढच्या अक्षराच्या पलीकडे नेली की शब्द मोडला. रफार उलटा, तो दिसतो नंतर आणि बोलतो आधी. ‘मूर्ती’ मध्ये त, मग दुसरी वेलांटी, मग रफार, तेव्हा रफार मागे नेताना वेलांटी ओलांडायची, मधलं अक्षर ओलांडायचं, जोडाक्षर असेल तर सगळं ओलांडून त्याच्या आधी ठेवायचा. अनुस्वार असेल तर तोही ओलांडायचा. आणि बदल करताना सगळ्यात लांब जोडी आधी शोधायची, नाहीतर तीन तुकड्यांच्या अक्षरातले दोन तुकडे आधीच दुसरंच काहीतरी होऊन बसतात.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला आपल्याच शहराच्या नावात सापडली. टाइपरायटरच्या काळापासून ‘ई’ हे वेगळं अक्षर नसायचं, ‘इ’ टाइप करायचा आणि त्यावर रफार द्यायचा, दिसायला अगदी ‘ई’. म्हणजे ‘मुंबई’ मधला शेवटचा तुकडा रफार आहे. नियमाप्रमाणे तो रफार मागे नेला की होतं ‘मुंबर्इ’. हा शब्द असा तुम्हीपण कुठल्यातरी परिपत्रकात किंवा पीडीएफमध्ये बघितला असणार, आणि आता कळलं असेल तो कुठून येतो. म्हणून रफार हलवायच्या आधी इ-रफार जोडीचा ई करून घ्यायचा, तसंच अ आणि काना यांचा आ, अ काना मात्रा यांचा ओ. हे फार महत्त्वाचं आहे, कारण अ ला काना जोडलेला आणि खरा आ स्क्रीनवर बऱ्याच फॉन्टात सारखाच दिसतो, पण युनिकोडच्या नियमात ते दोन एक धरले जात नाहीत, म्हणजे ‘आई’ शोधलं तर समोर दिसत असलेली ‘आई’ सापडणार नाही.

आणि मग ऱ्य. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात फरक आहे तो आपल्याला शाळेत शिकवलेला असतो, पण मराठीबाहेरच्या लोकांनी लिहिलेले जे तयार कन्व्हर्टर मिळतात त्यातल्या मी पाहिलेल्या बऱ्याच जणांना तो माहीतच नव्हता. हिंदीत ही गरज नाही ना. त्यामुळे किनाऱ्यावर, दऱ्याखोऱ्या, वाऱ्यावर हे सगळे शब्द बिघडायचे, आणि मराठी पुस्तकांच्या नावांत हे शब्द किती येतात ते यादी बघितल्यावर कळतं. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन पद्धतींनी लिहितात, एक म्हणजे टिंबवाला ऱ, यू+०९३१, त्याला पाय मोडून य, आणि दुसरी साध्या र ला पाय मोडून मधे न दिसणारा जोडणारा कॅरॅक्टर. दिसायला एकच. मी पहिली पद्धत धरली आणि दुसरी जिथे येईल तिथे बदलून घेतली. तीच गोष्ट ‘ॲ’ ची, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, ५.१ मध्ये, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम चालवायचे आणि अजून कितीतरी कीबोर्ड तेच देतात. इतकी वर्षं मराठीला हे अक्षर नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं. ॲडव्होकेट, ॲसिड, ॲल्युमिनियम रोजचे शब्द आहेत आपले.

प्रोग्रॅमर मंडळींसाठी एक गोष्ट. पायथनमध्ये शब्द वेगळे काढायला जो नेहमीचा रेग्युलर एक्स्प्रेशनचा मॉड्यूल वापरतात त्याच्या हिशोबाने काना आणि वेलांटी ही शब्दाची अक्षरंच नाहीत. ‘मराठी’ दिलं तर तो ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन शब्द परत करतो. करून बघा. त्यासाठी वेगळा ‘रेजेक्स’ मॉड्यूल आहे तो वापरायचा किंवा देवनागरीची घरं स्वतः सांगायची. एसक्यूलाइटच्या फुल टेक्स्ट सर्चमध्येही तोच प्रकार, तिथे टोकनायझरला सांगावं लागतं की मात्रांच्या कॅटेगरीसुद्धा शब्दाच्या आत धर. ह्या चुका नाहीत असं बनवणारे म्हणू शकतील, पण हिंदी मराठी लिहिणाऱ्या कोट्यवधी लोकांचा शब्द पहिल्या कान्यापाशी तुटत असेल तर डीफॉल्ट बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे.

तपासणीत मात्र कोडचा उपयोग थोडाच. एक छोटी चाळणी लिहिली, शब्दाच्या सुरुवातीला मात्रा आली, दोन वेलांट्या लागोपाठ आल्या, पाय मोडलेल्या अक्षरावर काना आला, की ती नोंद संशयित. त्यात बरंच सापडलं. पण जे शब्द नियमात बसतात आणि तरी चुकीचे आहेत ते माणसालाच कळतात. त्यासाठी काका दाखल नोंदवही घेऊन बसायचे आणि मी किंवा ताई स्क्रीनवरून वाचायचो. शनिवार संध्याकाळ त्यातच जायची, चहा यायचा, नेहमीचे वाचक आजूबाजूला उभे राहून ऐकायचे आणि मधेच कोणीतरी “अहो ते नाव तसं नाहीये” म्हणून सांगायचे, आणि बरोबर असायचं त्यांचं. नोंदवहीतली अक्षरं बघण्यासारखी आहेत. एका काळातल्या ग्रंथपालांचं बोरूने लिहिल्यासारखं बालबोध वळण, प्रत्येक ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा मराठीसाठी हीच दोन रूपं ठरवली, पण युनिकोडमध्ये पाकळीचा ल आणि हिंदी वळणाचा ल यांचा नंबर एकच आहे, फरक फॉन्टात असतो. म्हणून पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलं आणि ज्या फॉन्टात मराठी रूपांची सोय आहे असा फॉन्ट घेतला, तेव्हा कुठे स्क्रीनवरचा ल नोंदवहीतल्यासारखा दिसायला लागला. काकांना तो फरक मी सांगायच्या आधीच दिसला.

गणपतीत काम बंद. लालबागमध्ये त्या दिवसांत वाचनालयापर्यंत पोचणंच मुश्कील, आणि आमच्या घरीही पाहुणे, मंडळाची कामं. अनंत चतुर्दशीनंतर परत बसलो ते सर्चवर.

सर्चमध्ये खरी मजा आली, कारण तिथे वाचक समोर ठेवावा लागतो. आपल्याकडे शुद्धलेखनाचे नवीन नियम १९६२ चे, साहित्य महामंडळाने केलेले. त्याआधीच्या पुस्तकांच्या नावांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘केव्हां’ असे उच्चार नसलेले अनुस्वार आहेत, आणि यादीत ते तसेच हवेत, पुस्तकावर जे छापलंय ते बदलायचा आपल्याला अधिकार नाही. पण आज शोधणारा ‘काही’ असंच टाइप करणार. शिवाय वेलांटी पहिली की दुसरी हे सगळ्यांना आठवतंच असं नाही, मोबाइलवर तर नाहीच. म्हणून प्रत्येक नावाची एक दुसरी प्रत आत ठेवली, फक्त शोधायला, त्यात अनुस्वार काढले, ऱ्हस्व दीर्घ एक केले, श आणि ष एक केले, न दिसणारे कॅरॅक्टर काढून टाकले. शोधताना वाचकाने जे टाइप केलं त्यालाही हेच सगळं लावायचं आणि मग दोन्ही जुळवायचं. दिसताना मात्र मूळ नाव, छापल्याप्रमाणे. न आणि ण पण एक करावेत असं ताईंचं म्हणणं होतं, आमच्या भागात बोलताना बरेच जण पाणीला पानी म्हणतात आणि तसंच लिहितात, ताईंचं बरोबर होतं, तेही केलं. जुळणाऱ्या नोंदी वाढतात त्यामुळे, पण यादीत दोन जास्तीची पुस्तकं दिसणं परवडलं, हवं ते न सापडणं नाही.

क्रमवारीचं पटकन सांगते. युनिकोडच्या नंबराप्रमाणे लावलं तर ळ हा ल नंतर येतो आणि क्ष ची नावं क मध्ये जातात. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. लेखकांची यादी तशीच लावली, कारण वाचक कपाटासमोर उभा राहून तसंच शोधतो.

सगळं बसवलं ते वाचनालयातल्याच साध्या कम्प्युटरवर, इंटरनेट नसलं तरी चालेल असं, आणि रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर एक प्रत निघते. कपाटांजवळ एक स्क्रीन आहे, मोठ्या अक्षरांत. पहिल्या आठवड्यात आजोबांच्या वयाचे एक वाचक आले, त्यांना पोवाड्यांचं एक पुस्तक हवं होतं, नाव अर्धंच आठवत होतं, काका म्हणाले टाइप करा इथे, तर म्हणाले मला जमत नाही हो. मग मी शेजारी उभी राहिले आणि त्यांनी एकेक अक्षर दाबलं. वेलांटी चुकीची, अनुस्वार नाही. पुस्तक तिसऱ्या ओळीत आलं, दाखल क्रमांकासकट, कपाटाच्या नंबरासकट. ते कपाटापाशी गेले, पुस्तक काढलं आणि तिथेच उभं राहून वाचायला लागले, बसा म्हटलं तरी बसेनात.

इंटरव्ह्यूत हल्ली मला ह्या प्रोजेक्टबद्दल विचारतात. कोणी विचारतं यात मशीन लर्निंग आहे का. नाहीये. एक तक्ता आहे, नियमांची यादी आहे, आणि प्रत्येक नियमासोबत तो का आहे ते सांगणारे शब्द टेस्टमध्ये आहेत, मुंबई, मूर्ती, स्थिती, मार्मिक, किनाऱ्यावर. नियम बदलला की हे सगळे शब्द परत तपासले जातात. तक्ता कोडपासून वेगळा साध्या सीएसव्ही फाइलमध्ये ठेवलाय, म्हणजे ज्याला कोड येत नाही पण तो फॉन्ट हाताने वापरलाय अशा डीटीपी ऑपरेटरलाही तो एक्सेलमध्ये उघडून भरता येईल.

आणि आता तेच चाललंय. आईच्या छापखान्याच्या मालकांनी छापखाना बंद करताना जुन्या सीडी आईला दिल्या होत्या, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली, कितीतरी दिवाळी अंकांच्या. मराठीत दिवाळी अंक म्हटलं की १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून मोजतात, शंभराच्या वर वर्षं झाली, आणि छोट्या मंडळांच्या, कामगार संघटनांच्या अंकांत कोणी काय लिहिलं याची सूची सहसा कुठे मिळत नाही. त्या सीडीतला फॉन्ट वेगळा आहे, कवितांच्या पानांना अजून तिसराच. काही सीडी वाचल्या जात नाहीत, ज्या जातात त्यांच्या प्रती आधी काढून घेतल्यात. वाचनालयात त्यातले काही अंक छापील स्वरूपात आहेत, म्हणजे स्क्रीनवर निघालेला मजकूर समोर अंक ठेवून तपासता येतो. दुसऱ्या फॉन्टच्या तक्त्याची प्रिंट काढून आईला दिलीये, अर्धी भरून झाली, आणि अर्धा ‘ह’ कुठे ठेवलाय ते तिला अजून सापडलेलं नाही, म्हणून तिने तिच्या जुन्या छापखान्यातल्या मैत्रिणीला फोन लावलाय, ती आता विरारला असते, ती म्हणाली प्रिंटचा फोटो पाठव, मी बघून सांगते.